टाचेपुरती जागा

पडदेवाल्यांनी आयुष्यभर न हलणाऱ्या वस्तूंची मापं घेतली होती. खिडक्या, दारं, सोफे, खुर्च्यांच्या गाद्या, फार तर एखाद्या सभागृहाचा मोठा पडदा. तो हलतो खरा, पण नेहमी त्याच वाटेनं जातो आणि त्याच वाटेनं परत येतो. माणसांचे कपडे शिवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. माणसं श्वास घेतात, वाकतात, सुटतात, वाळतात आणि मग दुकानात येऊन भांडतात. खिडकी भांडत नाही. जन्मजात भिडस्त माणसाला असं गिऱ्हाईक फार बरं.

अशा माणसाच्या वाट्याला उतारवयात भिंगरी आली.

भिंगरी हे तिच्या आईनं ठेवलेलं लाडाचं नाव. पोर लहानपणापासून एका जागी बसली असेल तर शपथ. पडदेवाल्यांनी तिच्या आईशी लग्न केलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि भिंगरी शिकून नोकरीला लागली होती. दुकान तळमजल्यावर, मायलेकींचं घर बरोबर वर. त्यामुळे लग्न म्हणजे एक जिना चढून जाणं, एवढाच काय तो प्रवास. पण वर पोचून दोन वर्षं होत आली, तरी आपण अजून मधल्या पायरीवरच उभे आहोत असं त्यांना अधूनमधून वाटे.

कारण भिंगरी त्यांच्याशी फार चांगली वागायची. काका, तुम्ही बसा. काका, तुम्ही आधी घ्या. एकदा सकाळच्या चहात त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं. भिंगरीनं कप तळापर्यंत रिकामा केला, 'छान झालाय हं' म्हणाली आणि निघून गेली. स्वतःचा घोट तोंडात गेल्यावर त्यांना उलगडा झाला. आईला कळल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं. आईशी मात्र भिंगरी मन लावून भांडायची. टॉवेलावरून, पंख्यावरून, आईनं मोठ्यानं फोनवर बोलण्यावरून. दोघी तोंडाला तोंड देत आणि घटकाभरात एकाच ताटलीतलं खात बसत. पडदेवाल्यांना त्या भांडणांचा हेवा वाटे.

भिंगरी जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका कचेरीत नकाशे काढायची. सकाळी कचेरी, दुपारी कुठल्यातरी गळक्या गच्चीवर किंवा पोटमाळ्यावर मोजमाप, संध्याकाळी घरी येऊन उरलेलं रेखाटन. त्यामुळे कचेरीचा लॅपटॉप रोज जायचा आणि रोज यायचा. जायचा तो सायकलवरून. बसमध्ये तिचा जीव गुदमरायचा. सायकलवर बसलं की डोकं चालतं, म्हणायची.

पडदेवाले दुकान लवकर उघडत ते तिचं निघणं पाहायला, हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं. जिन्याखालून सायकल काढून भिंगरी ती भिंतीला टेकवी. मग शेवटच्या पायरीवर पाठीवरची बॅग ठेवी. तिच्यात लॅपटॉप, त्याचा चार्जर, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, कचेरीत घालायचे बूट, गुंडाळी केलेला इस्त्रीचा शर्ट, मोजपट्टी, सायकलचं कुलूप आणि हवा भरायचा छोटा पंप. बॅग इतकी जड होई की ती उभ्यानं पाठीवर घेणं अशक्य. भिंगरी पायरीवर बसून पट्ट्यांत हात घाली आणि उंटासारखी पुढे झुकत उठे. उठताना तोंडातून एक बारीक 'हं' निघे. पण एकदा सायकलवर बसली की ते ओझं कुठं जाई कोण जाणे. गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाड्या, शाळेची मुलं, उलटे येणारे स्कूटरवाले. त्यांतून ती अशी निघून जाई की पडदेवाल्यांना कापडातून सुई गेल्यासारखी वाटे. घंटी क्वचितच वाजवी. नुसती मान तिरकी करी आणि समोरच्याला आपण कुठून जाणार ते कळून जाई.

संध्याकाळी मात्र ती घरी येऊन आधी फरशीवर आडवी व्हायची, पाठ टेकवून, डोळे मिटून.

"काय झालं?" आई विचारायची.

"काही नाही. जमीन चांगली आहे आपल्याकडची."

एका संध्याकाळी ती वेळेवर आली नाही. आली ती सायकल ढकलत, गुडघा खरचटलेला. वळणावर पाठीवरची बॅग एका अंगाला घसरली, तिच्याबरोबर भिंगरी कलली, पाय टेकवून सावरलं, पण लॅपटॉपचा कोपरा हँडलवर आपटला. झाकणाला पोचा आला होता. यंत्र सुरू झालं, तेव्हा तिनं सोडलेला सुस्कारा खाली दुकानापर्यंत ऐकू गेला असेल.

आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर लोकांना सुया टोचून घरी येई, आणि तिचं बोलणंही त्याच जातीचं होतं.

"झालं? समाधान झालं? आज कोपरा गेला, उद्या तू जाशील."

"आई, बॅग घसरली. सायकल नाही घसरली."

"बॅग कुणाच्या पाठीवर होती? माझ्या? पाठीचं धिरडं झालंय, रोज बघतेय मी. हे बघ, एक घाव दोन तुकडे करते. ते ओझं पाठीवरून उतरवायची काहीतरी सोय कर, महिनाअखेरपर्यंत. नाही जमलं तर सायकल तुझ्या मामेभावाला. तो कधीचा टपून बसलाय."

"सायकल माझी आहे!"

"आणि तू माझी आहेस."

भिंगरी गॅलरीत जाऊन उभी राहिली. पडदेवाले वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते; तेच पान मघापासून उघडं होतं. बाजारात कॅरिअरला लावायच्या पिशव्या मिळतात, हे त्यांना ठाऊक होतं. भिंगरीनं त्या पाहिल्याही होत्या. एकीत लॅपटॉप मावत नव्हता, दुसरीत तो तळाला आपटला असता, तिसरीचे हूक तिच्या जुन्या कॅरिअरच्या जाड सळईवर बसत नव्हते.

थोड्या वेळानं ती आत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, तुम्ही कामात नसाल तर एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही शिवाल का? पिशवी?"

दोन वर्षांत तिनं त्यांच्याकडे काही मागितलेलं हे पहिलंच. पडदेवाल्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "मी पडदे शिवतो गं," ते म्हणाले. मग तिचा चेहरा उतरायच्या आत घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे, शिवतो. शिवतो की."

दुसऱ्या दिवशी सुटी होती. भिंगरीनं आपला सगळा संसार दुकानातल्या कापायच्या टेबलावर मांडला आणि पडदेवाले पाहतच राहिले. त्यांना वाटलं होतं, पोरगी हाताला येईल ते कोंबत असेल. तसं नव्हतं. प्रत्येक वस्तूमागे तिचा विचार होता.

"कुलूप सगळ्यांत वर, कारण पोचल्यावर पहिलं तेच लागतं. पंप लागला तर रस्त्यातच लागणार, म्हणून तो बाहेरच्या खिशात. शर्टाची गुंडाळी करते, घडी नाही. गुंडाळीला चुण्या पडत नाहीत. डबा नेहमी लॅपटॉपपासून लांब. एकदा भाजीचा रस सांडला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे."

पडदेवाले हसले. भिंगरीही हसली.

"आणि बाटली?" त्यांनी विचारलं.

"बाटली डब्याच्या शेजारी. म्हणजे लॅपटॉप एका बाजूला आणि जड माणसं दुसऱ्या बाजूला. सायकल कलायला नको."

हे सगळं ती बोलत असताना पडदेवाल्यांच्या मनात येत होतं, की आपण पंचवीस वर्षं याच टेबलाशी उभे आहोत आणि आपली कात्री अजून रोज शोधावी लागते.

मापं घ्यायला सुरुवात झाली. पहिल्यांदा लॅपटॉप. त्यांनी तो आडवा ठेवला. खिडकी आडवीच असते. मग कॅरिअर, त्याच्या सळया, चाकापासूनचं अंतर. दुकानात छपराला लावायचं गडद करडं, पाणी न झिरपणारं कापड पडलं होतं. सोफ्याच्या पाठीतला फोम होता. कडक राहावं म्हणून आत घालायला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा होता. त्यांनी दोन पिशव्या करायच्या ठरवल्या: डावीकडे लॅपटॉपची मोठी, उजवीकडे बाकी सगळ्यांची लहान. मोठीच्या आत आणखी एक पाकीट, वरच्या काठाला टांगलेलं, तळापासून चार बोटं अधांतरी. खड्डा आला तर पिशवी आपटेल, लॅपटॉप झोका घेईल.

"हे कुठून सुचलं तुम्हाला?" भिंगरीनं विचारलं.

"पडदा जमिनीला टेकला की खालून मळतो," ते म्हणाले. "म्हणून टांगायची सवय."

पुढचे काही दिवस गिऱ्हाइकांच्या खिडक्या उघड्या राहिल्या. एका बाईंचा बैठकीच्या खोलीचा पडदा तर शेवटी शेजारणीनं येऊन मागितला. पडदेवाल्यांनी दुहेरी शिवण घातली, कोपरे काटकोनात आणले, हूक जाड सळईच्या मापाचे वाकवून घेतले. एवढं देखणं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं असं त्यांना वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. त्यांचं काम चांगलं झालं की त्यांना नेहमी भीती वाटे.

पिशव्या लावून पाहिल्या त्या जिन्याखाली. सायकल स्टँडवर उभी होती. पिशवीचा काठ आणि कॅरिअरचा काठ एका रेषेत, दांड्यावर पडदा बसावा तसा. भिंगरीनं पिशवी ओढली, हलवली, सायकल उचलून धप्पदिशी खाली टाकली. लॅपटॉपच्या जागी ठेवलेला जाडजूड शब्दकोश आत संथ झोका घेत राहिला. आईनं वाकून टाके पाहिले, हूक पाहिले, आतलं पाकीट बोटानं ढकललं.

"बरी झालीय," आई म्हणाली. आईच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्या कुणी गळ्यात पडून रडण्यासारखं.

जिन्याखाली सायकल चालवून पाहायला जागा नव्हती. तेवढंच राहिलं.

सोमवारी सकाळी भिंगरी पायरीवर बसली नाही. पाठ मोकळी, हात मोकळे. पिशव्या दोन्ही हातांत घेऊन आली, खट खट अडकवल्या, आणि सायकलवर टांग टाकली. वर गॅलरीत आई, खाली दुकानाच्या दारात पडदेवाले.

पहिलं पॅडल. दुसरं. आणि 'टक्'.

आवाज बारीक होता. वर गॅलरीत गेला नसेल. पडदेवाल्यांनी मात्र तो ऐकला. पाय मागे आला की डावी टाच पिशवीच्या पुढच्या कोपऱ्याला लागत होती. त्यांच्या त्या सुरेख, कडक, काटकोनातल्या कोपऱ्याला. उभ्या सायकलचं त्यांनी इंच न् इंच माप घेतलं होतं. चालत्या पायाला जागा लागते, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. खिडकीला कुठं टाच असते?

भिंगरी क्षणभर डळमळली. थांबेल, उतरेल, वळून पाहील असं त्यांना वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. डावा पाय पॅडलवर पुढे सरकवला, टाच बदकासारखी बाहेर काढली, एक हात उंचावून आईला टाटा केला आणि त्या अवघडलेल्या पायानं तशीच, सरळ रेषेत, गल्लीबाहेर गेली. गाड्यांमधून गेली, मुलांमधून गेली. पाहणाऱ्याला वाटावं, ही रोज अशीच जाते. पडदेवाले दाराची चौकट धरून उभे राहिले. इतकं कौतुक आणि इतकी लाज एकाच वेळी वाटायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कशी वाटली?"

"मस्त, काका! पाठ अशी मोकळी! लॅपटॉपला तर कळलंही नाही प्रवास झाला ते."

सगळं खरं होतं. फक्त अर्धं होतं.

आठवडाभरात तिच्या डाव्या टाचेवर पट्टी आली. भिंगरी सायकलवर सँडल घालायची, आणि प्लॅस्टिकच्या पत्र्याचा कोपरा कापडातून बरोबर सँडलच्या पट्ट्याच्या वर घासत होता. जेवताना आईच्या नजरेतून ती पट्टी सुटली नाही. जखमा ओळखणं तिचं रोजचंच.

"हे काय?"

"सँडल चावली."

"दोन वर्षं नाही चावली ती?"

"आता म्हातारी झाली. चिडचिडी झालीय."

"भिंगरे, सायकलचं काही असेल तर आत्ताच तोंड उघड. मामेभाऊ येत्या रविवारी येतोय."

भिंगरीनं एकवार पडदेवाल्यांकडे पाहिलं आणि मान खाली घालून जेवू लागली. पडदेवाल्यांना पेच पडला. तोंड उघडलं तर सायकल जाणार. नाही उघडलं तर टाच. दुसऱ्या दिवशी दुकानात ती एकटी सापडल्यावर त्यांनी सगळा धीर एकवटला.

"टाच लागते का गं पिशवीला?"

"छे हो, काका. तुम्ही उगाच मनाला लावून घेता. छान आहे पिशवी."

त्या 'छान'ला मिठाच्या चहाची चव होती. पडदेवाल्यांनी ती लगेच ओळखली.

पिशवी उसवून पुन्हा शिवायला त्यांची ना नव्हती. पण कापायची कुठे? कोपऱ्यावर कापड गुळगुळीत झालं होतं, पण घासलेल्या जागेला काठ नव्हता. टाच किती वर येते, कुठून आत शिरते, कुठून सुटते? जिला ठाऊक होतं ती सांगत नव्हती. अंदाजानं कापलं आणि चुकलं, तर पोर पुन्हा 'छान' म्हणणार. त्यांनी खूप विचार केला. विचार करताना त्यांचा हात सवयीनं टेबलावरच्या खडूकडे गेला, कापडावर खुणा करायच्या त्या चपट्या निळ्या वडीकडे. आणि तिथंच थांबला.

सकाळी भिंगरी वर शर्टाची गुंडाळी करत होती. दाराशी तिच्या सँडल होत्या. पडदेवाले चोरासारखे वाकले, डाव्या सँडलच्या मागच्या पट्ट्यावर खडू खसाखसा घासला, वरचा काठ, बाहेरची बाजू, कुठंही जागा ठेवली नाही, आणि उठले तर मागे आई.

"अहो, काय चाललंय?"

"धूळ," ते म्हणाले. "धूळ होती."

आईनं त्यांच्या निळ्या बोटांकडे पाहिलं, सँडलकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता आत गेली.

दिवसभर त्यांचं कामात लक्ष नव्हतं. एक पडदा उलटा शिवला. संध्याकाळी ओळखीचा ब्रेक वाजला, पण जिन्यावर पावलं वाजली नाहीत. भिंगरी सरळ दुकानात आली. डाव्या पिशवीचे हूक काढून तिनं ती कापायच्या टेबलावर ठेवली, कोपरा त्यांच्याकडे करून.

करड्या कापडावर निळी कमान उमटली होती. खालून वर येणारी, मध्ये जाड, टोकाला पुसट होत गेलेली. इतकी स्वच्छ की हातानं काढायची म्हटली तर काढता आली नसती.

"हे तुम्ही केलंत?" भिंगरीनं विचारलं.

"हो."

"कचेरीत बूट बदलताना सगळे विचारत होते, टाच निळी कशानं झाली. मला वाटलं सँडलचा रंग जातोय. मग खाली येऊन पिशवी बघितली." ती थांबली. "मला विचारायचंत ना."

"विचारलं होतं, बाळ. तू छान म्हणालीस."

भिंगरी स्टुलावर बसली, टाचेवरची पट्टी बोटानं चाचपली.

"छान नव्हती," ती म्हणाली.

"माहितीय."

"म्हणजे, लॅपटॉपचं पाकीट छान आहे. ते खरंच. पण टाच लागते. रोज, प्रत्येक पॅडलला. चढावर तर जास्तच, तिथं पाय असा बाहेर धरता येत नाही. आणि मी असा डावा पाय वाकडा धरून चालवते, तर आता गुडघा दुखायला लागलाय. आणि ते हूक! खड्ड्यात असे खडखडतात की पुढचा माणूस बाजूला होतो, त्याला वाटतं मागून टेम्पो आला. आणि उजव्या पिशवीचं झाकण एका हातानं उघडत नाही, कुलूप काढायचं तर सायकल पोटानं धरावी लागते. आणि काका, मीठ घातलं होतंत तुम्ही त्या चहात!"

"तेही माहितीय," पडदेवाले म्हणाले. दोन वर्षं अडून राहिलेलं पाणी एकदम अंगावर आलं होतं, आणि ते कितीतरी गार, कितीतरी बरं वाटत होतं.

"मग मी जेवताना विचारलं तेव्हा तोंडाला काय झालं होतं?" दारातून आवाज आला. आई उभी होती, कमरेवर हात. "म्हणजे सँडल चावलीच नव्हती. गुडघाही दुखतोय. शाब्बास. रविवारी सायकल—"

"आई, थांब ना गं—"

"का थांबू? मी काय म्हटलं होतं?"

"थांब," पडदेवाले म्हणाले.

मायलेकींच्या भांडणात हा तिसरा आवाज आजवर कधी आला नव्हता. दोघी वळून पाहायला लागल्या. पडदेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आता मागे फिरायला वाट नव्हती.

"पाठीवरचं ओझं उतरवायचं म्हणाली होतीस. ते उतरलंय. टाचेचं तू काही बोलली नव्हतीस; टाच लागते ही माझी चूक आहे. ती मी शनिवारपर्यंत सुधारतो. नाही सुधारली तर सायकल मीच नेऊन देतो तुझ्या भाच्याला."

आईनं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही? चालवत?"

"ढकलत," ते म्हणाले.

आईला हसू फुटलं आणि तिथंच प्रकरण शनिवारवर गेलं.

मग भिंगरीनं सायकल दुकानात आणली. खुर्च्या हलवल्या, कापडाचे तागे भिंतीला लावले, सायकल मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी. भिंगरी सीटवर बसून पॅडल मारू लागली. पडदेवाले चाकाशेजारी फरशीवर मांडी घालून बसले, हातात टेप, कानावर पेन्सिल. आयुष्यात पहिल्यांदाच ते हलत्या वस्तूचं माप घेत होते.

"हळू," ते म्हणाले. "आता जोरात. आता चढ आहे असं समज."

"काका, टेप आत ओढली जाईल!"

"तू पुढे बघ. रस्त्यावर लक्ष ठेव."

"कुठला रस्ता? समोर झालरी आहेत!"

लॅपटॉप आडवाच ठेवायचा, ही त्यांचीच समजूत होती. भिंगरीनं तो उचलून उभा धरला. "असा चालेल की. त्याला काय कळतंय." उभा धरल्यावर पिशवी अरुंद झाली. पडदेवाल्यांनी निळ्या कमानीला समांतर, दोन बोटं सोडून तिरकी रेघ मारली आणि आपल्या सगळ्यांत सरळ शिवणीवर सुरी ठेवली. टाके उसवले. काटकोन गेला. पिशवी आता एका अंगानं कापलेली, काहीशी वाकडी, झोपेतून उठल्यासारखी दिसू लागली. हुकांना त्यांनी रबराच्या पट्ट्या गुंडाळल्या. झाकणाला पडद्याची मोठी रिंग लावली, एका बोटानं ओढता येईल अशी. भिंगरी शेजारी बसून सगळ्यात नाक खुपसत होती.

"अजून थोडी मागे घ्या."

"मागे घेतली तर सायकल मागून जड होईल."

"होऊ दे. मी पुढे झुकेन."

"नाही, बाटली पुढे घेऊ."

"बाटली डब्याशेजारी हवी!"

"डबाही पुढे घेऊ मग. घाबरू नकोस, त्यांचं आणि लॅपटॉपचं बोलणं बंदच राहील."

वरून आईनं जेवायला दोनदा हाक मारली. कुणी उठलं नाही.

रविवारी मामेभाऊ आला, जेवला, सायकलकडे आशेनं पाहिलं. "ही वाकडी पिशवी कुणी शिवली?" त्यानं विचारलं.

"काकांनी," भिंगरी म्हणाली, "आणि वाकडी नाहीये. माझ्या पायाच्या मापाची आहे." तो हात हलवत गेला.

सोमवारी सकाळी आई गॅलरीत होती, पडदेवाले दुकानाच्या दारात. भिंगरीनं पिशव्या अडकवल्या. हूक खडखडले नाहीत. टांग टाकली. पहिलं पॅडल, दुसरं. पडदेवाले मान पुढे काढून ऐकत होते. काहीच ऐकू आलं नाही. डावी टाच मागे आली, तिरक्या काठाजवळून अलगद गेली आणि पुन्हा पुढे आली. दोन्ही पाय सरळ, पाठ सरळ, पट्टी बांधलेली टाच खुशाल फिरतेय. ती वेगानं गल्लीच्या तोंडाशी गेली. भाजीच्या गाडीपाशी मान तिरकी केली. जाता जाता मागे न वळता ओरडली:

"काका! उजव्या पिशवीचा पट्टा फडफडतोय हो! आवळायचा राहिलाय!"

आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

पडदेवाल्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"ऐकलंस का गं?" ते म्हणाले. "फडफडतोय म्हणे."